काकूंचं अकोला

फोन उचलल्यावर 'हॅलो' न म्हणणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. इंगोले काकू फोन कानाला लावायच्या आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणायच्या, "अमरावती." पलीकडे गॅसवाला असो, बेंगळुरूचा त्यांचा मुलगा असो, नाहीतर चुकून लागलेला नंबर असो. नवखा माणूस गोंधळायचा. "हाव बाई, मीबी अमरावतीतूनच बोलून राहिलो," म्हणायचा. काकूंना त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपण कुठून बोलतो ते आधी सांगावं, मग पुढचं, एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही याचंच त्यांना नवल वाटायचं.

काकू ट्रंक ऑपरेटर होत्या. हा शब्द ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी बाहेरगावी फोन करायचा तर नुसता नंबर फिरवून लागत नसे. एक्स्चेंजला कॉल लिहून द्यायचा आणि वाट पाहत बसायचं. तिथली ऑपरेटर त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, दोघी मिळून दोन टोकं जोडायच्या, आणि मग तुमचं बोलणं व्हायचं. काकूंचं ऐन तारुण्य अमरावतीच्या स्विचबोर्डावर गेलं. पुढे लोक घरूनच नंबर फिरवायला लागले, बोर्ड निघाले आणि काकूंना ऑफिसात एक टेबल मिळालं. त्या टेबलावर त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केलं, पण त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

आमची आणि त्यांची भिंत एक. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणजे पुस्तकाआड मोबाइल धरून बसलेल्या पोरांची राखण करणारा माणूस. मी जरा तिरसट आहे असं घरच्यांचं मत आहे आणि ते मी खोडून काढत नाही. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप ही सगळी रिकामटेकड्यांची चावडी, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. खऱ्या चावडीवर निदान चिमूटभर तंबाखू तरी मिळायची. त्यामुळे मुलानं पाठवलेला मोबाइल घेऊन काकू सत्तरीत माझ्याकडे आल्या आणि "विनायक, हे फेसबुक मले शिकवून दे," म्हणाल्या, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"कायले पायजे काकू? नुस्ता टाइमपास आहे तो."

"मंग बरं आहे ना. टाइम मायाकडे लय आहे."

दोन दुपारींत त्या सगळं शिकल्या. मात्र त्यांनी आपले नियमही सोबत आणले. पहिला नियम तीन मिनिटांचा. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन सांगायची, वाढवायचं असेल तर वाढवा. काकूंनी हे निवृत्तीनंतरही चालू ठेवलं होतं. बेंगळुरूचा मुलगा नातवाच्या शाळेची तक्रार रंगात येऊन सांगत असायचा आणि काकू म्हणायच्या, "तीन मिनिट झाले." तो बिचारा तिकडून ओरडायचा, "वाढव ना आई!" मग त्याला आणखी तीन मिळायची. त्यावर काकूंनी कधी कोणाला मिनिट दिलं असेल तर ते माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा नियम कानाचा होता, आणि तो जास्त कडक होता. ऑपरेटरच्या कानात सगळं गाव बोलायचं. सोयरिकी, भांडणं, कापसाचे भाव, मयती. दोन टोकं जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, ही त्या कामाची रीत. चुकून काही ऐकू आलंच तर ते आपल्या तोंडून कधी बाहेर पडू द्यायचं नाही. "लाइन आपली असते, निरोप आपला नसते," काकू म्हणायच्या. हा नियम त्यांनी जसाच्या तसा फेसबुकला लावला. कोणाच्याही पोस्टखालच्या कॉमेंट त्या वाचायच्या नाहीत. समोर आल्याच तर अंगठ्यानं भराभर वर सरकवायच्या आणि तेवढा वेळ छताकडे पाहायच्या. माझी बायको वंदना एकदा मोठ्या चवीनं सांगायला गेली, की अमक्यांच्या लग्नाच्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते पाहा. काकू म्हणाल्या, "थे त्याईचं बोलनं आहे वं. मी काहून कान देऊ?" अख्खं जग जिथं दुसऱ्याच्या दाराला कान लावायला जातं, तिथं ही बाई कानांवर हात ठेवून हिंडायची. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. ते हसणं मला पुढे महागात पडलं.

निवृत्त ऑपरेटरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. वीसबावीस म्हातारेम्हाताऱ्या. रोज सकाळी तिथं फुलं यायची. गुलाब, कमळ, मोगरा, आणि प्रत्येकावर एक सुविचार. काकू चहा पिता पिता सगळी फुलं एकेक करून पाहायच्या. एकदा मला राहवलं नाही.

"काकू, हा कचरा कायले पाहता हो रोज?"

"फुलं कोन पाह्यते? कोनाचं नाही आलं थे पाह्यते मी."

मला वाटलं, बोलायला म्हणून बोलल्या. पण थंडीतल्या एका सकाळी परतवाड्याच्या ढोलेंचं कमळ आलं नाही. हे ढोले बायको गेल्यापासून एकटे राहायचे आणि सहाच्या ठोक्याला कमळ पाठवायचे. आठपर्यंत काकूंनी वाट पाहिली. मग फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. काकूंनी परतवाड्यातल्याच ग्रुपमधल्या एका बाईंना फोन करून सांगितलं, "ढोले बोलून नाही राहिले. हातातलं काम टाक आन् जाऊन पाय." त्या बाई शेजाऱ्यांना घेऊन गेल्या, दार तोडलं. ढोले पहाटेपासून न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून होते, मांडीचं हाड मोडलेलं. आणखी चारसहा तास गेले असते तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मी फुलांना हसणं बंद केलं. सुविचारांना अजून नावं ठेवतो.

एका दुपारी काकू आमच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "विनायक, फेसबुकावर अकोला असन काय रे?"

"अख्खं अकोला आहे काकू. त्याईले दुसरा धंदा काय आहे?"

"अख्खं नको. मले मायं अकोला पायजे."

काकूंचं अकोला म्हणजे निर्मला ढवळे. अकोल्याच्या बोर्डावरची ऑपरेटर. आठ वर्षं या दोघी रोज एकमेकींच्या कानात होत्या. दोन कॉलच्या मध्ये जेवढी फट मिळेल तेवढ्यात त्यांचं बोलणं व्हायचं. आज डब्यात काय आणलं, कोणाला पाहायला कोण आलं होतं, आलेल्या पोराचं नाक कसं होतं. ती यांना अमरावती म्हणायची, या तिला अकोला. मध्ये दोनअडीच तासांचा रस्ता, पण या कधी भेटल्या नाहीत. रोज तर बोलतो, आणखी भेटायचं कशाला, असं दोघींचंही मत होतं. एकमेकींचा फोटोसुद्धा त्यांनी पाहिला नव्हता.

मी फेसबुकवर निर्मला शोधायला बसलो. लग्नानंतरचं आडनाव काकूंना माहीत नव्हतं, त्यामुळे जगातल्या यच्चयावत निर्मला समोर आल्या. मी एकेक फोटो दाखवायला लागलो. "ही असन काय? ही?"

"मी तिले पाह्यलंच कुठं?"

"मंग वळखसान कशी?"

"बोलाले लाव ना त्याईले."

आणि खरोखर, माझा डोळा चुकवून काकूंनी पाचसहा अनोळखी निर्मलांना मेसेंजरवर फोन लावले. पलीकडून 'कोण?' एवढं आलं की आवाजावरून त्यांना ती नव्हे हे कळायचं, आणि त्या फोन ठेवून द्यायच्या. त्यातल्या तिघींनी काकूंना ब्लॉक केलं. एकीच्या नवऱ्यानं उलट फोन करून मलाच दम दिला, कारण काकूंच्या मोबाइलवर आलेला तो फोन नेमका मी उचलला होता.

शेवटी मी विचारलं, "एवढं काय अडलं आहे काकू तिच्यावाचून?"

त्या दिवशीही त्या शेंगाच सोलत होत्या; त्यांनी सूप बाजूला सारलं. मग बोलल्या.

"तिचा बाप अमरावतीच्या दवाखान्यात होता. तिले माहीत होतं, पन सुट्टी भेटली नोती. एका दुपारी तिचा भाऊ आमच्या हापिसात आला. म्हने, बाबाचं शेवटचं आहे, निर्मलाले फोन लावा, असंन तशी निंघ म्हनाचं आहे. अर्जंट कॉल लिहून देला त्यानं. पन पुढं दोन लाइटनिंग होते, म्हंजे अर्जंटहूनबी महाग कॉल, धामनगावच्या कापसाच्या व्यापाऱ्याचे. लाइटनिंग पह्यले, अर्जंट मंग. नियमच होता तसा. आन् अकोल्याची एकच लाइन चालू, दुसरी बिघडेल."

"मंग?"

"मंग दोन्ही लाइटनिंग जोडून देले मी. दोन्ही खेपा तिकडून निर्मलाच होती. दोनदा तिच्याशी बोलली मी, विनायक. नंबर मांगतला, तिनं देला. एका शब्दानं नाही सांगतलं, का तुया बाप चालला म्हनून. निरोप भावाचा होता, माया नोता. तिसऱ्या खेपेले भावाले जोडून देलं आन् कान काढून घेतला. चाळीस मिनिटं गेले. तिकडची दुपारची गाडी निंघून गेली. ती संध्याकाळी आली तं बाप नोता."

त्यानंतर निर्मला लाइनवर नंबरापलीकडे एक शब्द बोलली नाही. काही महिन्यांत लग्न होऊन ती नोकरी सोडून गेली, पुढे बोर्डही गेले. काकूंनी नंतर अकोल्याच्या ऑफिसात चौकशी केली होती, पण तोवर तिला ओळखणारं तिथं कोणी उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "काकू, तुमी नियमानंच वागल्या."

"नियम बरोबरच होता. मी चुकली. थे तिले एकदा सांगाचं आहे. तेवढं राहून गेलं तं मले मरताबी येनार नाही धड."

मी ग्रंथालयात माणसं पुष्कळ पाहतो, पण एवढा जुना, एवढा जपून ठेवलेला अपराध मी पाहिला नव्हता. माझा सगळा तिरसटपणा तिथंच गळाला. त्याच संध्याकाळी जुन्या अकोल्याच्या आठवणी लिहिणाऱ्या एका फेसबुक ग्रुपवर मी लिहिलं, की अमरावती ट्रंक एक्स्चेंजच्या इंगोले बाई अकोल्याच्या निर्मला ढवळे यांना शोधत आहेत. बापाचं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उड्या मारत काकूंकडे गेलो. "काकू, तीनशे लाइक आले!"

"निर्मला भेटली?"

"नाही."

"मंग तीनशे लोकाईले आवडलं काय?"

खाली कॉमेंटही ढीगभर होत्या. गेले ते दिवस, डोळ्यांत पाणी आलं, नक्की भेटतील, हात जोडलेले, फुलं. उपयोगाची एक नाही. मी काकूंना म्हटलं, तुम्हीही रोज नजर टाकत जा. काकू म्हणाल्या, "पोस्ट तुयी आहे. लोकं तुयाशी बोलून राहिले." मी दहाबारा दिवस पाहिलं आणि मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, मोबाइलची घंटा बंद ठेवून मी पाहणं सोडलं.

पाच महिन्यांनी कोणीतरी त्या पोस्टवर पुन्हा एक गुलाब टाकला, म्हणून मोबाइल वाजला आणि मी पोस्ट उघडली. ढिगाच्या मध्यभागी एक कॉमेंट होती, मी पाहणं सोडल्याच्या आठवड्यातली. एका सुनेनं लिहिलं होतं, 'माझ्या सासूबाई लग्नाआधी निर्मला ढवळे. अकोला एक्स्चेंजलाच होत्या. मी त्यांना ही पोस्ट वाचून दाखवली. त्या म्हणतात, हे अमरावती बोलत नाही, दुसरंच कोणी बोलतंय. तिला बोलायचं असेल तर तिनं स्वतः लाइनवर यावं.' त्याखाली महिन्याभरानं तिचंच, 'सासूबाई रोज विचारतात, आली का म्हणून.' त्याच्या पुढे काही नाही.

दोघी एकाच शाळेतल्या. एक दुसऱ्याच्या लाइनवर कान द्यायला तयार नाही, दुसरी हाक मारल्याशिवाय बोलायला तयार नाही, आणि मध्ये मी, ज्याला काहीच नियम नाही, तो परीक्षेचे पेपर मोजत बसलेला. मी भिंतीपलीकडे जाऊन काकूंना कॉमेंट वाचून दाखवली.

"पुन्हा उशीर केला मी," एवढंच म्हणाल्या.

मी फोन लावायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला. "फोनवरच तं चुकलं होतं. हे फोनवर नाही सांगाचं. जाऊन सांगा लागते." मी सुनेला मेसेज करून आधी निर्मलाबाई बऱ्या आहेत ना हे आणि अकोल्यातला पत्ता विचारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं. पुढे एकदाच म्हणाल्या, "ती ठेंगनी असन. आवाज ठेंगना आहे तिचा."

निर्मलाबाई चांगल्या उंच निघाल्या. सडसडीत, पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या. दोघी दारात एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मला धडधडीत दिसलं, की त्या एकमेकींना ओळखत नाहीत. "या ना, बसा तुमी." "हाव, बसतो. तुमची तब्येत बरी आहे ना?" पंचेचाळीस वर्षांपूर्वी तू म्हणणाऱ्या बायका एकमेकींना तुम्ही म्हणत होत्या. चहा झाला, चिवडा झाला, उन्हाळा किती आहे ते झालं. सूनबाई माझ्याकडे आणि मी सूनबाईंकडे पाहून घेतलं. मला वाटलं, झालं, एवढ्याचसाठी आलो होतो.

मग निर्मलाबाई एकदम म्हणाल्या, "मले तं काहीच सुचून नाही राहिलं. तुमी जरा तिकडं तोंड करून बसता काय?"

काकू उठल्या, खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. निर्मलाबाईंनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. आता पाठीला पाठ. सूनबाई समजूतदार, ती आत गेली. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, पण मी काही ऑपरेटर नव्हे. मी ऐकलं.

"अकोला, त्या दिवशी दोनदा बोलली मी तुयाशी."

"हाव."

"बोलली आन् सांगतलं नाही. चुकलं मायं."

"मले पह्यल्याच खेपेले समजलं होतं."

"कसं?"

"आठ वर्षांत तू मले कधी बाई म्हनलं नोतं. त्या दिवशी म्हने, अकोला, दे बाई तेवढा नंबर. मी तवाच समजली, बाबाचं काही खरं नाही."

"समजलं, तरी मी उठली नाही वं," निर्मलाबाई पुढे म्हणाल्या. "बोर्ड टाकून पळाची होती. गाडी उभीच होती ठेसनावर. मी नियम धरून बसली. आपल्या हातानं त्या व्यापाऱ्याचे दोन्ही कॉल जोडले. तुयावर राग नोता माया. मले लाज वाटे. घरच्याईले वाटे का निरोप उशिरा भेटला म्हनून राहून गेलं. भावाशी बोलताना माया आवाज तू आयकला असन, म्हनून फक्त तुलेच माहीत होतं का मले समजलं होतं, आन् मी उठली नाही. म्हनून तुयाशी बोलतच नोती मी."

काकूंना ते माहीत नव्हतं. त्यांनी कान काढून घेतला होता. ही बाई इतकी वर्षं ज्या साक्षीदाराला तोंड चुकवत होती, तो साक्षीदार नव्हताच.

"मी कोनाले सांगतलं नाही," काकू म्हणाल्या. "आन् तू काहून उठली असती? तवा तुले एवढं कुठं समजलं होतं? मी काही बोलली असती तं समजलं असतं. मी बोललीच नाही. चूक मायी आहे, अकोला. तू घेऊ नको."

लोक मला विचारतात, सर, आता तरी फेसबुकाचं काही चांगलं बोला, दोन मैत्रिणी भेटवल्या त्यानं. मी सांगतो, भेटवल्या खऱ्या, आणि पाच महिने गुलाबांच्या ढिगाखाली दडवूनही ठेवल्या. पण ते नसतं तर काकू ते ओझं तसंच मनात घेऊन गेल्या असत्या, हेही मी कबूल करतो. काकू तिथं आठ दिवस राहिल्या. तिथूनच मुलानं त्यांना बेंगळुरूला नेलं आणि त्याच वर्षी त्या तिकडेच वारल्या. त्यामुळे मला शेवटच्या दिसल्या त्या अकोल्यातच.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी एकटाच निघालो. फाटकाशी येऊन मागे पाहिलं तर खिडकीत काकू समोरच होत्या, आणि त्यांच्या मागे निर्मलाबाईंचे पांढरे केस. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून पदरावर पडत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता. आवाज मात्र रस्त्यापर्यंत ऐकू येत होता, स्वच्छ आणि ठणठणीत. त्या निर्मलाबाईंना विचारत होत्या, की आज डब्यात काय आणलं.